थकलेत जरा

४ फेब्रुवारी

ताई,

अक्षर पाहून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, कामाचा हात सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर दुसऱ्या हाताला लिहायची सवय लावा. काय लिहू विचारलं तर म्हणतात, काहीही लिहा, शुद्धलेखन लिहा. या वयात शुद्धलेखन! त्यापेक्षा तुला पत्र लिहिलेलं काय वाईट? फोनवर तू हल्ली 'बरी आहेस ना, जेवलीस ना' याच्या पुढे सरकत नाहीस. निकाल लागेपर्यंत जास्त बोलू नका असं तुमच्या वकिलांनी सांगितलंय म्हणतेस. पत्राबद्दल ते काही बोलले नसतील. कितीही हुशार वकील असला तरी आजकाल कुणी पत्र लिहील हे त्याच्या डोक्यात यायचं नाही.

प्लास्टर निघालं. आत बसवलेली पट्टी आता जन्मभर आतच राहणार. अंगठा अजून शेजारच्या बोटाला टेकत नाही, अबोला धरलेल्या जावांसारखे दोघं समोरासमोर उभे असतात. लॅबमध्ये मात्र मी रोज जाते. मेण कोरायची सुरी धरता येत नाही, पण दातांचा रंग जुळवायला डोळे लागतात आणि ते शाबूत आहेत. कवळ्या माझी जोडीदारीण करते, मी शेजारी बसून तिच्या चुका काढते. काल ती वैतागून म्हणाली, "हात मोडला तसं थोडं तोंडही मोडलं असतं तर बरं झालं असतं." खूप दिवसांनी मी पोट धरून हसले. कुठलं पोट धरते म्हणा, एकाच हाताने.

बरं, कामाचं सांगते. अर्ज देऊन आले. तू सांगितलंस तसाच लिहिला, सरकारी वकील बाईंच्या हातात दिला. भाऊजींनी गुन्हा कबूल केला आहे, आयुष्यात पहिल्यांदाच ते पिऊन गाडी चालवायला बसले होते, जखमी मीच झाले आहे आणि त्यांना तुरुंगात पाठवू नये अशी माझीच विनंती आहे. बाईंनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव तर आणत नाही ना?" मी म्हटलं, "दबाव कसला? माझी सख्खी बहीण आहे ती." त्या म्हणाल्या, पहिलाच गुन्हा, त्यात कबुली, आणि जखमी माणूसच सोडा म्हणतंय म्हटल्यावर कोर्ट बहुतेक चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडेल. नाहीतर तुरुंग आहे, आणि तुरुंग झाला की शाळेतली नोकरी गेलीच.

तेव्हा आता शांत झोप. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, माझ्या शाळेतल्या भांडणात मास्तरांना भिडलीस तू. तुझ्या घरावर नांगर फिरवायला मी काय वैरीण आहे? भाऊजींनाही सांग, मुलांना खुशाल गणितं घालत बसा म्हणावं.

फक्त एकदा येऊन जा गं. दवाखान्यातून घरी आले त्यानंतर तू फिरकलेली नाहीस.

तुझी,
बारकी

१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. कामात असशील.

आज कोर्टाकडून एक गृहस्थ आले होते. शिक्षा ठरण्याआधी आरोपीचं घर कसं, वागणं कसं, पुन्हा असं करण्याची भीती कितपत, हे सगळं विचारून न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, असं त्यांचं काम. माणूस भला. चहा नको म्हणाले आणि मग दोन कप प्यायले. त्यांनी विचारलं, "मेहुण्यांना पिण्याची सवय?" मी म्हटलं, "छे हो! माझ्या देखत त्यांनी चहापलीकडे काही घेतलेलं नाही." आणि ते खरंच आहे. लॅब सुरू केली त्या दिवशी तू एकटी आलीस, भाऊजी थकले होते. बाबांच्या आजारपणात तू रिक्षाने यायचीस, भाऊजी थकलेले असायचे. मी तुला चिडवायचे, आठवतं? तुझा नवरा लग्नातच दमला होता, म्हणून त्याला खुर्चीवर बसवलं होतं. तू हसायचीस.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी गाडीत बसताना तुमच्या काही लक्षात आलं नाही?"

सांगितलं सगळं. शाळेतल्या कुणा सरांचा निरोप समारंभ, गावाबाहेरची बाग, भर दुपार. पुरुषमंडळी शेडच्या मागे बसलेली, आपण बायका झाडाखाली. निघताना भाऊजींना गाडीच्या दाराचं कुलूप पटकन सापडेना. मी म्हटलं, मी आपली बसने जाते, थांबा समोरच आहे. तू म्हणालीस, "घरची गाडी असताना बसने? ह्यांना किती वाईट वाटेल! थकलेत जरा, बाकी काही नाही. घराचा रस्ता डोळे मिटून नेतील." आणि मला पुढच्या सीटवर बसवलंस. मागे बसले की मला मळमळतं हे एवढ्या गडबडीतही तुझ्या ध्यानात होतं. तू मागे बसलीस. डोळे मिटून नेतील हे तुझं वाक्य मात्र त्यांनी फारच मनावर घेतलं. पुलाच्या आधीच्या वळणावर उभा असलेला ट्रक मला दिसला, त्यांना दिसला नाही. गाडीची माझीच बाजू त्याखाली गेली.

गृहस्थांनी एवढंच विचारलं, "तुमच्या बहिणीला काही लागलं?" म्हटलं, "नाही, देवाची कृपा." त्यांनी लिहून घेतलं.

मला वाटतं, तुला माझ्यासमोर यायची लाज वाटत असेल. वेडी आहेस. तुझा काय दोष? ये.

तुझी,
बारकी

८ मार्च

ताई,

काल तुझ्या सासूबाई लॅबमध्ये आल्या होत्या. तुला न सांगता आल्या, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. खालची कवळी हलते, बोलताना टकटक वाजते, भाजी चावताना उचलली जाते. दातांच्या डॉक्टरांकडून यायला हवं होतं, पण घरच्या माणसाला नियम कोण सांगणार? जोडीदारणीने दोन्ही कवळ्या काढून घेतल्या, मेणाची पट्टी त्यांच्या हिरडीवर बसवून चावा घ्यायला लावला. मी समोर बसून चावा सरळ येतोय का ते बघत होते. दात काढले की माणसं दोन प्रकारची होतात, काही तोंडावर पदर धरून गप्प बसतात आणि काही जन्मात बोलली नसतील एवढी बोलतात. तुझ्या सासूबाई दुसऱ्या प्रकारातल्या निघाल्या.

माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. कुरवाळत म्हणाल्या, "फार भोगलंस गं पोरी. काय करावं, तो थकतोच तसा. नोकरीला लागला तेव्हापासून थकतो."

मी म्हटलं, "मुलांना शिकवणं म्हणजे डोकेफोड असते, थकणारच."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तसं थकणं नव्हे. आमच्या घरात थकला म्हणजे... तुला ठाऊक आहे की."

मला ठाऊक नव्हतं, ताई. लॅबमध्ये कवळ्या घासायचं यंत्र घरघरत होतं, जोडीदारणीने हळूच ते बंद केलं. मी विचारलं, "कधीपासून? असं थकून गाडी चालवतात का नेहमी?" तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "नेहमी कुठे? थकलेला असला की आम्ही जपतो ना. नातीला मागे बसवतो, आणि पुढे कुणीतरी परकं माणूस बसवतो. परकं माणूस पुढे असलं की तो सावध असतो, सावकाश चालवतो. एकदा शेजारच्या आजोबांना बसवलं, एकदा तुझ्या बहिणीच्या ऑफिसातली कोण ती. दरवेळी सुखरूप आलो. म्हणून तर तुलाही पुढे बसवलं तिने. या वेळी नाही लागू पडलं, नशीब एकेकाचं."

मग बहुधा माझा चेहरा त्यांना दिसला. त्यांनी रिकाम्या तोंडावर हात ठेवला आणि "माझे दात दे गं" म्हणाल्या, लहान मुलासारखं. दिले. दात बसवल्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले.

मला मळमळतं म्हणून तू मला पुढे बसवलं नव्हतंस. मला तू ब्रेक म्हणून बसवलंस.

खोटं असेल तर सांग. सासूबाईंचं वय झालंय म्हण, मेणाच्या वासाने गरगरलं म्हण, काहीही सांग, मी ऐकेन. मला ऐकायचंच आहे.

बारकी

१७ मार्च

ताई,

तुझा निरोप पोचला. पत्राला उत्तर म्हणून तू फोनवर चार ओळी टाकल्यास. "त्या म्हाताऱ्या झाल्यात, काहीही बोलतात. माझ्या मुलीचा विचार कर. तुझा हात बरा होईल, माझं घर एकदा मोडलं तर परत उभं राहणार नाही."

नाही असं तू म्हटलेलं नाहीस. तुझ्या चार ओळी मी चारशे वेळा वाचल्या, त्यात 'हे खोटं आहे' असं कुठेच नाही.

आता ऐक. माझा हात बरा होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, भाकरीचा तुकडा तोडता येईल, केस विंचरता येतील, पण एका कवळीत चौदा दात मेणात उभे करायचे, प्रत्येकाचा कल केसभर इकडेतिकडे करायचा, ते आता या हाताचं काम नाही. माझ्या हाताची कवळी घालून किती म्हातारी माणसं लग्नात हसली असतील! मला दुसरं काही येत नाही गं. नवरा नाही, मूल नाही, एवढं एक यायचं. तुला हे माहीत आहे. माझी पहिली कवळी मी घरी आणली तेव्हा तू ती टेबलावर ठेवून तिच्याशी गप्पा मारल्या होत्यास.

मी रात्रंदिवस तुझ्या बाजूने विचार करून पाहिला. घाबरली असशील. घरात सगळ्यांची तोंडं मिटलेली, मास्तरांची अब्रू, लोक काय म्हणतील. घाबरलेलं माणूस हाताला लागेल ते पुढे करतं. पण हाताला मीच लागले का? शेजारच्या आजोबांचं मला काही नाही, ते परके. तू मला परकं माणूस म्हणून पुढे बसवलंस. तिथेच मी अडते. परक्यांच्या यादीत माझी गणती कधी केलीस, ताई?

आणि वर माझ्याकडूनच तो अर्ज लिहून घेतलास. 'आयुष्यात पहिल्यांदाच.' मी खोट्याच्या खाली सही केली, तीही दुसऱ्या हाताने, जीभ बाहेर काढून.

तुला वाटत असेल, ही आता भाऊजींना खडी फोडायला पाठवणार. मला तुरुंगाची हौस नाही. काल मी सरकारी वकील बाईंना जाऊन विचारलं, ही सवय आहे असं कोर्टाला कळलं तर काय होईल? त्या म्हणाल्या, तुरुंग होईलच असं नाही. घरच्या माणसांनी मोकळेपणाने सांगितलं तर कोर्ट व्यसन सोडवण्याचे उपचार सक्तीचे करू शकतं, गाडी चालवायचा परवाना कायमचा काढून घेऊ शकतं. पण पहिलीच चूक म्हणून गेलं तर थोडे महिने गाडी बंद, की पुन्हा आहेतच रस्त्यावर.

पुन्हा आहेतच, ताई. मागे तुझी मुलगी असेल. पुढे कोण असेल?

दोन एप्रिलला न्यायाधीश मला विचारणार आहेत, अर्जावर ठाम आहात का. माझ्या आधी तू उभी राहा. एवढंच सांग की हे पहिल्यांदा नव्हतं आणि मला माहीत होतं. तू सांगितलंस तर मी शेजारी उभी राहून म्हणेन, साहेब, तुरुंग नको, उपचार द्या. शपथ घेऊन सांगते. तू एकदा खरं बोल, मग बाकी सगळं मी गिळेन. तू मला ब्रेक केलंस तेही. ते मी आताच अर्धं गिळलंय.

बारकी

३ एप्रिल

ताई,

काल कोर्टातून आल्यावर लिहायला बसले, जमलं नाही. आज लिहिते.

तू निळी साडी नेसून आलीस, सासूबाईंना हात धरून आणलंस, भाऊजींच्या शेजारी बसलीस. भाऊजी वाळलेत. त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक येऊन सांगून गेले, इतका साधा माणूस शोधून सापडणार नाही. मला त्या क्षणी भाऊजींचा राग आला नाही, हे तुला खरं सांगते. मान खाली घालून बसले होते, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. मी सारखी तुझ्याकडे बघत होते. आता उठेल, आता उठेल. तू रुमालाची घडी घालत होतीस आणि मोडत होतीस.

माझं नाव पुकारलं. न्यायाधीशांनी विचारलं, "अर्जावर ठाम आहात?" मी म्हटलं, "साहेब, त्यातलं एक वाक्य खरं नाही. पहिल्यांदाच, असं मी लिहिलंय. मला तसं सांगण्यात आलं होतं म्हणून लिहिलं. ते काढून टाका. बाकी अर्ज तसाच ठेवला तरी चालेल. त्यांना उपचारांची गरज आहे."

तुमचे वकील ताडकन उठले. ऐकीव गोष्ट, पुरावा काय, याआधी साधा दंडसुद्धा झालेला नाही. न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी आमच्याच लॅबमधून नेलेले नवे दात असे घट्ट मिटून घेतले की मला कळलं, तिथून आता काही बाहेर यायचं नाही. त्यांना मी दोष देत नाही. मुलगा आहे त्यांचा.

मग न्यायाधीशांनी तुला उभं केलं. माणूस चांगला होता, आवाजही चढवला नाही. "बाई, तुम्ही घरात राहता. तुम्हालाच विचारतो. याआधी कधी तुमचे पती दारू पिऊन गाडी चालवायला बसले होते का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मला अजून वाटत होतं. अगदी त्या क्षणीही मला वाटत होतं.

"नाही साहेब," तू म्हणालीस. "माझी बहीण अपघातानंतर खूप औषधं घेते. तिला कधी कधी भास होतात. ती मनाने वाईट नाही."

ती मनाने वाईट नाही! किती मायेने म्हणालीस. कोर्टातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, वेड्या माणसाकडे बघावं तसं, सांभाळून. सरकारी वकील बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. मी औषधं केव्हाच सोडली आहेत. तुला सांगितलं असतं, तू विचारलं असतंस तर.

पुढचं तू ऐकलंसच. पहिला गुन्हा, स्वतःहून दिलेली कबुली, समाजातलं स्थान, घरात लहान मुलगी. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका, थोडे महिने गाडी बंद. उपचारांचा विषय निघालाच नाही, कारण ज्याला सवयच नाही त्याला उपचार कसले? शेवटी न्यायाधीश भाऊजींना म्हणाले, "ही सवलत पहिल्या वेळेची आहे. पुन्हा समोर आलात तर मिळणार नाही." भाऊजींनी हात जोडले. तू रडलीस. सुटल्याचं रडू मला ओळखू येतं.

बाहेर जिन्यावर तू मला गाठलंस. मला वाटलं मिठी मारशील, आणि खोटं कशाला बोलू, मारली असतीस तर मी मारू दिली असती. पण तू म्हणालीस, "बारके, सगळ्यांसमोर असं करायचं होतं का तुला? मी तुला मुलीसारखं वाढवलं. तू माझा केसाने गळा कापलास." तू पुढे म्हणालीस, "जाऊ दे. झालं गेलं विसरून जाऊ. माणसाचं एकदा चुकतं, बहिणींनी तेवढं धरून बसायचं नसतं."

उत्तर आज सुचलं, ते लिहिते.

मला गाडीत पुढे बसवलंस, ती तुझी पहिली वेळ होती. ती मी सोडून दिली होती, ताई. तुला सांगितलं नव्हतं, पण कोर्टाच्या दारापर्यंत येताना ती माझ्या मनातून गेलेली होती. तू घाबरली होतीस, तुला मुलगी आहे, तू माझी ताई आहेस, मी सगळं तुझ्या बाजूने मोजलं. काल तू घाबरलेली नव्हतीस. तुला विचार करायला पंधरा दिवस होते, माझं पत्र होतं, आणि एका भल्या माणसाने शांतपणे विचारलेला प्रश्न होता.

ती दुसरी वेळ होती. आणि दुसऱ्या वेळेला सवलत नसते, हे तू काल माझ्यासोबतच ऐकलंस.